दात आवळले की हसू

लाँड्रीत तिला सगळे हसरी म्हणायचे. आता हसरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गालाला खळी पडणारी कुणी गोड बाई आली असेल, तर तिला आधी पुसून टाका. ही बाई महातापट. चादरीला एक सुरकुती राहिली तरी हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण आग मस्तकात पोचली रे पोचली, की तिच्या ओठाचा डावा कोपरा टुणकन वर चढायचा आणि बाई हसतेय असं दिसायचं. राग जितका मोठा, तितकं हसू मोठं. बघणाऱ्यांना गंमत वाटायची. तिला काय वाटायचं ते विचारायला कुणाला सवड होती?

ती जन्मापासून अशी नव्हती. आधी ती एका कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि तोंडाचा पट्टा चालवून तागेच्या तागे खपवायची. मग डाव्या कानापुढे गाठ आली. कानापुढे थुंकी तयार करणारी एक ग्रंथी असते, तिच्यात. आणि चेहरा हलवणारी नस नेमकी त्या ग्रंथीतूनच जाते. गाठ काढताना नस गेली. जीव वाचला, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण शुद्धीवर येऊन आरशात पाहिलं, तर अर्धा चेहरा तिचा आणि अर्धा कुणी परक्यानं आणून लावलेला. डावी भुवई हलेना, डोळा मिटेना, चहा प्यायला की अर्धा हनुवटीवर.

दुकानाच्या मालकानं आठवडाभर चुचकारलं आणि मग तिला मागच्या गोदामात बसवलं. "गिऱ्हाईक बिचकतं हो, बाई." बिचकतं म्हणे! ज्या गिऱ्हाइकांना तिनं इतकी वर्षं लग्नाची कापडं, बारशाची कापडं निवडून दिली, ती बिचकली? गोदामातल्या पोरांनी तिला दोन दिवसांत नाव पाडलं, वाकडी. ती ऐकून घेणाऱ्यातली नव्हती, तिनं एकाच्या अंगावर ताग्याची फळी फेकली. फळी लागली नाही, नोकरी मात्र गेली.

पुढे तिला एक सर्जन भेटला. तो म्हणाला, नस मेली ती मेली, पण हसू परत आणता येईल. कसं, ते त्यानं तिला तिच्याच कानशिलावर बोटं ठेवून दाखवलं. "आवळा दात." तिनं दात आवळले. कानशिलाच्या कातडीखाली काहीतरी टणक फुगलं. "हा चावायचा स्नायू. इथे कानशिलावर पंख्यासारखा पसरलाय, गालाच्या हाडाखालून खाली उतरतो आणि जबड्याच्या टोकाला चिकटतो. ह्याची नस वेगळी असते, ती तुमची शाबूत आहे. आपण ह्याचं जबड्याचं टोक सोडवायचं आणि ओठाच्या कोपऱ्याला शिवायचं. चावायला बाकीचे स्नायू पुरेसे आहेत. तुम्ही दात आवळाल, की तो ओठ वर ओढेल."

"म्हणजे हसायचं असेल तर चावायचं?"

"सुरुवातीला. मग सवय होते."

सवय लावायचं काम फिजिओबाईंचं. ह्या बाई मोठ्या हौशी. आरशासमोर बसवायच्या, खांदे खाली पाडायला लावायच्या आणि मग शिकवायच्या. स्नायूला दोन टोकं असतात, एक बांधलेलं, एक ओढणारं. दंडाचा स्नायू हाडाला ओढतो, पण चेहऱ्याच्या स्नायूंचं दुसरं टोक थेट कातडीत असतं, म्हणून तर माणसाचं मन तोंडावर दिसतं. "तुमच्या इथे पाहुणा आणून बसवलाय," त्या गालावर टिचकी मारून म्हणायच्या, "त्याला अजून कळत नाही की हे हसण्याचं घर आहे. दात न आवळता नुसतं हसू आणायचा सराव करा, म्हणजे कळेल." काही जणांना जमतं म्हणे. हिला नाही जमलं. पाहुणा हटवादी निघाला. चावलं की हसायचं, नाही चावलं की लोंबायचं, एवढंच त्याला ठाऊक.

आणि राग आला की माणूस काय करतो? दात-ओठ खातो! कुणाच्या लक्षात आलं होतं हे? सर्जनच्या नाही, फिजिओबाईंच्या नाही. हिच्याही नाही, सासरे जाईपर्यंत.

सासरे गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. सासऱ्यांवर हिची माया होती, सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. संध्याकाळी शेजारणीनं बळंच चार घास पुढ्यात ठेवले. ती चावायला लागली आणि प्रत्येक घासाला ओठाचा कोपरा वर, खाली, वर, खाली. समोर बसलेल्या वन्सं बघत होत्या. त्यांना ऑपरेशन माहीत होतं बरं का! दवाखान्यात डबे घेऊन त्याच आल्या होत्या. तरी म्हणाल्या, "वहिनी, माझे बाबा गेले आणि तुम्हाला हसू सुचतंय?"

हिनं सांगायचा प्रयत्न केला. पण सांगताना राग आला, रागानं दात आवळले आणि हसू आणखी रुंद झालं. वन्सं उठून आत गेल्या. त्या दिवशी तिला एक गोष्ट पक्की कळली. माणसाला माहीत असलं तरी उपयोग नाही. माणूस कानानं ऐकतो ते विसरतो आणि डोळ्याला दिसतं तेच खरं धरतो. तेव्हापासून चारचौघांत जेवणं तिनं बंद केलं.

एकाच माणसाला तिचा राग ओळखता यायचा, तो म्हणजे नवरा. तो कुलुपं दुरुस्त करायचा आणि बोलायचा कमी. "तुझ्या तोंडाकडे मी बघतच नाही," तो म्हणायचा, "मानेकडे बघतो." खरंच होतं ते. कानामागच्या हाडापासून निघून छातीच्या हाडापर्यंत तिरपी उतरणारी जी दोरी असते ना, डोकं वळवणारी, ती राग आला की हिच्या मानेवर ताठ उभी राहायची. गळ्याच्या हाडांमागचे खड्डे खोल जायचे, छाती वर ओढली जायची. नवरा ती दोरी बघून गुपचूप पाण्याचा तांब्या आणून ठेवायचा.

मग गाव बदललं आणि एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला काम मिळालं. इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी धुलाईच्या ड्रमवर काम करणारी ड्रमवाली म्हणाली, "ही बघा, सदा हसरी!" आणि नाव चिकटलं. हिनं चूक सुधारली नाही. का सुधारावी? वाकडी म्हणवून घेण्यापेक्षा हसरी काय वाईट? डबा ती भिंतीकडे तोंड करून खायची. "मला सवय आहे तशी," सांगायची. कुणी खोलात शिरलं नाही. इतक्या वर्षांनी तिला चारचौघींसारखं चालता-बोलता येत होतं, आणि ती ते सुख जिवापाड जपत होती.

तिचं काम चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर. धुऊन पिळून आलेली ओलसर चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची, तापलेल्या रोलरच्या तोंडाशी लावायची आणि वेळेवर सोडायची. दोघींचे हात एका तालावर हवेत. हिची जोडीदारीण धाकटी. वयानं सगळ्यांत लहान म्हणून धाकटी, नाहीतर एका मुलीची आई होती. नवरा सोडून गेलेला, लेकीला आत्याकडे ठेवून कामाला यायची. बडबडी, पण हाताची चलाख. हसरीला ताई म्हणायची आणि तिच्या शिव्या हसत झेलायची. हसरीचा तिच्यावर जीव होता, हे तिनं कधी कबूल केलं नसतं.

रोलरच्या तोंडासमोर एक आडवी दांडी असते. बोटं तिला लागली की यंत्र जागच्या जागी थांबतं. बोटं वाचावीत म्हणूनच ती असते. पण चादर गोळा होऊन दांडीला लागली तरी यंत्र थांबायचं, आणि यंत्र थांबलं की मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. वरून वॉर्डांचे फोन, खाली ओल्या चादरींचे ढीग. एके दिवशी तो पकड आणि तार घेऊन आला आणि तिन्ही रोलरच्या दांड्या वर उचलून बांधून टाकल्या.

"अहो मुकादम, हात गेला म्हणजे?" हसरीनं विचारलं.

"हात सांभाळायला डोळे दिलेत ना देवानं? तुला काय, तू हसतच असतेस," तो म्हणाला आणि गेला.

हसत असते! दातावर दात रोवले होते तिनं.

पंधरा दिवसांनी व्हायचं ते झालं. एका चादरीत पेशंटच्या झग्याची नाडी अडकून आली होती. नाडी धाकटीच्या बोटांना गुंडाळली, चादर आत गेली आणि चादरीबरोबर बोटं. धाकटी ओरडली. दांडी वर बांधलेली, यंत्र कशाला थांबतंय! हसरी भिंतीवरच्या बटणाकडे धावली, तोवर उजव्या हाताची तीन बोटं चेपून भाजून निघाली होती.

बोटं राहिली, पण पुढे कितपत वळतील ते सांगता येत नव्हतं. आणि धाकटी वरच्या वॉर्डात, आपण इस्त्री केलेल्या चादरीवर पडलेली असताना खाली तळघरात मुकादमानं खापर फोडायला डोकं शोधून ठेवलं होतं. दोघी कामाच्या जागी थट्टामस्करी करत होत्या म्हणे. लक्ष नव्हतं म्हणे. हे ठरलं तर धाकटीची नोकरी जाणार, आणि हाताचे पुढचे सगळे उपचार तिच्या बोकांडी बसणार.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेब म्हणजे लाँड्री, स्वयंपाकघर आणि साफसफाई ह्या तिन्हींवरचा अधिकारी. तळघराच्या पायऱ्या तो कधी उतरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मुकादम बाजूला हात बांधून उभा.

"सांगा बाई, काय झालं?"

हसरीनं सांगायला सुरुवात केली. दांडीचं सांगितलं, तारेचं सांगितलं, मुकादमाकडे बोट दाखवलं. पण धाकटीची किंकाळी अजून कानात होती, आणि तो मुकादम तिथे शहाजोगासारखा उभा होता. तिची मान ताठली, दात आवळले गेले आणि ओठाचा कोपरा वर चढला.

साहेबाचा चेहरा बदलला. "बाई, तुमच्या मैत्रिणीचा हात भाजलाय. ह्यात हसण्यासारखं काय आहे?"

"मी हसत नाहीये!"

"बघा साहेब," मुकादम हळूच म्हणाला, "आत्तासुद्धा हसतेय. त्या दिवशीही असंच चाललं होतं दोघींचं."

"साहेब, माझं ऑपरेशन झालंय, हा स्नायू…"

"आता सुचलं होय ऑपरेशन?" मुकादम म्हणाला. "इतकी वर्षं हसरी म्हणून मिरवत होती, तेव्हा नाही सांगितलं कुणाला!"

खरंच नव्हतं सांगितलं. आणि आता संतापानं तिचं हसू कानापर्यंत पोचलं होतं. साहेबानं मान हलवली, "उद्या बाकीच्या बायकांना विचारतो आणि निकाल देतो," म्हणाला. दांडीचं, तारेचं सगळं हवेत विरून गेलं. ज्या बाईच्या तोंडावर हसू आहे तिच्या तोंडचं खरं मानायला हा माणूस तयार नव्हता. बरं, बाकीच्या बायका काय सांगणार होत्या? सगळ्या मूग गिळून बसल्या होत्या, मुकादमाच्या हाताखाली रोज राबायचं होतं त्यांना.

घरी येऊन तिनं भांडी आपटली. नवऱ्यानं मानेकडे बघितलं आणि पाणी आणून ठेवलं.

"नको मला पाणी! उद्या त्या पोरीला हाकलतील आणि म्हणतील, हसरीनंच हसून कबूल केलं. माझं तोंड साक्षीला उभं केलंय त्यांनी, तिच्याविरुद्ध!"

"मग दात आवळू नकोस."

"आणि मग काय दिसतं ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

त्याला ठाऊक होतं. ती आरशासमोर जाऊन बसली. फिजिओबाईंनी शिकवलं होतं तसे आधी खांदे सोडले. मग मान. मग जबडा. डावा कोपरा घसरला, ओठ लोंबला, गाल उतरला. गोदामातली ती परकी बाई आरशात परत आली. ह्या बाईला चारचौघांत कधी न्यायचं नाही म्हणून तर कानशिलाला टाके घालून घेतले होते तिनं. तिनं बोलून पाहिलं. ओठ धड मिटत नव्हते, प, ब, म सगळी अक्षरं ओली आणि अर्धवट निघाली, आणि कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली. तिला रडू आलं, आणि रडण्याचाही संताप आला. पण ती उठली नाही. तेच वाक्य पुन्हा बोलली. पुन्हा बोलली.

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या खोलीत लाँड्रीच्या सगळ्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. धाकटीलाही वॉर्डातून आणलं होतं, हाताला हे एवढं बँडेज. साहेबानं एकेकीला विचारलं, एकेक म्हणाली, माझं लक्ष नव्हतं. ड्रमवालीचंही नव्हतं. जिनं नाव पाडलं, तिचं! हसरीचे दात आपोआप जवळ यायला लागले.

तिनं खांदे सोडले. मान सोडली. आणि मग सगळ्यांच्या देखत जबडा सोडला.

खोलीत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. अर्धा चेहरा मेणासारखा खाली आला होता. मुकादम एक पाऊल मागे सरला. साहेबानं नजर वळवली.

"इकडे बघा, साहेब," ती सावकाश, ओल्या अक्षरांत म्हणाली. "हे माझं तोंड. दात आवळले तर हसतं, सोडले तर असं दिसतं. काल मला राग आला होता. आजही आलाय."

"बाई, तुम्ही बसा, कुणी पाणी द्या…"

"पाणी नको. ऐका. आम्ही थट्टा करत नव्हतो. मुकादमानं दांड्या तारेनं बांधल्या. तिन्ही रोलरच्या. अजून बांधलेल्याच आहेत. तुम्ही खाली येत नाही, हे त्याला ठाऊक आहे." लाळ हनुवटीवरून गळ्यावर उतरली. साहेबानं रुमाल पुढे केला. "पुसा आधी."

"खाली चला आधी," ती म्हणाली.

तेवढ्यात ड्रमवाली भिंतीपासून सुटली. "बांधल्यात, साहेब. मी तार धरली होती ह्या मुकादमासाठी. ह्यानंच पकड फिरवली." मग दुसरी बोलली. मग तिसरी. मघाशी कुणाचंच लक्ष नव्हतं, आता सगळ्यांना सगळं आठवत होतं.

साहेब उतरला. उतरावंच लागलं. तळघरात शिरताच वाफेनं त्याचा चष्मा पांढरा झाला, तो पुसून त्यानं पहिल्या रोलरपाशी वाकून बघितलं. तार तिथेच होती, पिळे घालून घट्ट. दुसऱ्यावर होती. जिथे धाकटीची बोटं गेली, त्या तिसऱ्यावरही होती. मुकादमाला ती सोडायचीसुद्धा गरज वाटली नव्हती, एवढी त्याला साहेबाची खात्री!

"सोड त्या तारा," साहेब मुकादमाला म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर. आणि मग वर ये, तुझ्याशी बोलायचंय." धाकटीकडे वळून, पण तिच्याकडे न बघता, तो म्हणाला, "तुमच्यावर ठपका नाही. उपचार चालू राहतील."

धाकटी हुंदके देत हसरीला बिलगली. डाव्या हातानं तिची हनुवटी पुसू लागली. "ताई, मिट ना तोंड आता. झालं सगळं."

साहेबालाही तेच हवं असावं. एवढ्या बायका, वाफ, ते लोंबलेलं तोंड, ह्यातून त्याला मोकळं व्हायचं होतं. तो तिच्यासमोर आला आणि समजुतीनं, अगदी घरच्यासारखं म्हणाला, "झालं ना मनासारखं, बाई? चला, आता हसा बघू."

हिनं धाकटीचा चांगला हात घट्ट धरला. जबडा सैलच ठेवला आणि मुकादमाच्या पकडीतून तिसरी तार सुटेपर्यंत साहेबाकडे तशीच बघत राहिली.